काळी आणि पांढरी : बेंबळी गांवची ओळख

प्रवासवर्णन म्हटलें कीं हिमाच्छादित शिखरें, निळीं सरोवरें आणि त्यांच्या कांठचीं टुमदार स्विस खेडीं आपल्या डोळ्यांसमोर उभीं राहतात. तसल्या वर्णनांची गोडी आम्हांसही आहे. परंतु ज्या गांवीं कोणी हौसेनें प्रवासास जात नाहीं, प्रवाशांच्या मार्गदर्शिकेंत ज्याचें नांव सहसा आढळत नाहीं, अशा एखाद्या साध्या गांवाकडे त्याच कुतूहलानें पाहिलें तर काय दिसेल, असा विचार आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता. म्हणून या खेपेस वाचकांस आम्ही धाराशिव जिल्ह्यांतील बेंबळी या गांवीं नेणार आहों. येथें सरोवर नाहीं कीं हिमशिखर नाहीं. पण माणसें आणि जमीन यांचें नातें समजून घ्यावयाचें असेल तर हें ठिकाण मुळींच गौण नाहीं.

प्रथम वाट सांगूं. आज लातूर-कुर्डुवाडी या रुंद मार्गावरील गाडी प्रवाशास थेट धाराशिवास उतरवते. पूर्वीं तशी सोय नव्हती. १८९७ सालीं सुरू झालेली व पुढें लातुरापर्यंत वाढलेली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी धाराशिव शहरास न शिवतां येडशीवरून जात असे, आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणच्या मंडळींस आगगाडी गांठण्याकरितां येडशीस जावें लागे. धाराशिवाहून रुईभरावरून उजनी व औशाकडे जी सडक पूर्वेस जाते, तिच्यावर बेंबळी लागतें. एस. टी.च्या गाडीनें फार वेळ लागत नाहीं. हा सारा मुलूख बालाघाटच्या पठाराचा आहे. दोहों बाजूंस ठेंगण्या सपाट माथ्यांच्या टेकड्या, मधून मधून मुरमाड माळ, बांधावर लिंब आणि बाभळी, आणि सखल भागीं काळीभोर शेतें, असा क्रम डोळ्यांपुढून सरकत असतो. येथील ओढ्यानाल्यांचें पाणी तेरणेच्या खोऱ्यांत उतरतें. तेरणा मांजरेस मिळते व मांजरा गोदावरीस. म्हणजे बेंबळीच्या शेतांत पडलेला पाऊस, जिरून राहिला नाहीं तर, बंगालच्या उपसागराकडे निघून जावयाचा.

बेंबळी हें अगदींच लहान खेडें नव्हे. येथें पोलीस ठाणें आहे आणि आसपासच्या खेड्यांच्या कामकाजाचें हें ठिकाण आहे. महाराष्ट्रांत टाकळी नांवाचीं गांवें अनेक असल्यामुळें या भागांतील एका टाकळीस ओळखीसाठीं बेंबळीचेंच नांव जोडतात. एवढ्यावरून परिसरांतील तिचा मान ध्यानीं यावा. परंतु गांवाचें खरें स्वरूप ठाण्यावरून किंवा कचेरीवरून कळत नाहीं. आपल्या जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथामुळें ही जोडी शहरांतील वाचकांसही परिचित झाली. आम्ही त्याच क्रमानें जाऊं.

काळीची कथा फार जुनी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दक्षिणेंत भूगर्भांतून तप्त लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले व थिजून त्यांचा काळा खडक झाला. तोच खडक ऊन-पावसानें झिजून त्याची जी माती झाली, ती ही काळी. ती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे भेगाळते. वैशाखांत त्या भेगांत हात सहज शिरतो. हिचा मोठा गुण असा कीं, पावसाचें पाणी ती महिनेच्या महिने पोटाशीं धरून ठेवते. या प्रदेशांत वर्षास सरासरी सातशें-साडेसातशें मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु ‘सरासरी’ हा शब्द येथें फसवा आहे. एखाद्या वर्षीं ओढे दुथडी भरतात, तर दुसऱ्या वर्षीं आषाढ-श्रावण कोरडे जातात आणि शेतकऱ्याची सारी भिस्त उत्तरा व हस्त या नक्षत्रांवर राहते.

या लहरी पावसावर पूर्वजांनीं जो तोड काढला, तो म्हणजे रब्बीची शेती. भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवावयाची, कुळवाच्या पाळ्या घालून तिच्यांत ओल मुरवावयाची, आणि हस्ताच्या सुमारास तिच्यांत शाळू ज्वारी पेरावयाची. पुढें पाऊस नाहीं, पाट नाहीं. केवळ पोटांतल्या ओलीवर व थंडीच्या दंवावर पीक उभें राहतें. पौषांत हुरडा, आणि माघ-फाल्गुनांत काढणी. जोडीला हरभरा, करडई, जवस. हलक्या रानांत खरिपाचे मूग, उडीद, तूर. एका ज्वारीनें दोन घरें चालत : कणसांतून माणसाची भाकरी आणि ताटांतून जनावराचा कडबा. सुगीनंतर धान्य जमिनींत खणलेल्या पेवांत भरून ठेवीत. एका बऱ्या वर्षाचें पेव पुढील वाईट वर्षास पुरावें, हें त्या व्यवस्थेचें सूत्र होतें. या शेतींत पैसा थोडा, पण धोकाही थोडा असे. आणि मुख्य म्हणजे जमिनीनें जेवढें पाणी धरलें तेवढेंच पीक घ्यावयाचें, ही मर्यादा निसर्गानेंच घालून दिलेली होती.

या शेतीचा सण पाहावयाचा असेल तर मार्गशीर्षाच्या अमावास्येस यावें. वेळ अमावास्या, किंवा येथील बोलींत ‘येळवस’, धाराशिव-लातूर या भागांत दिवाळीइतक्याच उत्साहानें पाळतात. त्या दिवशीं गांवांत माणूस मिळणें कठीण. सारीं कुटुंबें शेतांत जातात. कडब्याची कोप करून तींत पांडवांची पूजा मांडतात. नानाविध शेंगदाण्यांची व पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकांतली आंबील यांचें जेवण होतें. ज्यास शेत नाहीं त्यास कोणी ना कोणी शेजारी बोलावून नेतोच. ज्यांस शेत नाहीं अशांचा, त्यांतही बायकांचा, मोठा आधार म्हणजे या जिल्ह्याच्या नांवानेंच देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी. बहुधा काळ्या रंगाची ही शेळी काटक असते, माळावरच्या झुडपांवर जगते आणि पुष्कळदां जुळीं करडें देते. अडीअडचणीला एक करडूं विकून औषधपाणी किंवा शाळेचा खर्च भागवणारीं घरें या पट्ट्यांत कमी नाहींत.

आतां पांढरीकडे वळूं. बेंबळीच्या उत्तरेस तेरणाकांठीं तेर हें गांव आहे. तेंच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जातें, असें लिहिलें आहे. हेंच तेर पुढें संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून वारकऱ्यांस पूज्य झालें. म्हणजे ज्यास आपण आडवळणाचा मुलूख म्हणतों, तो एके काळीं रोमच्या व्यापाराशीं जोडलेला होता. नंतर बहामनी, आदिलशाही, मोगल अशीं राज्यें या पठारावरून गेलीं आणि अखेर हा भाग निजामाच्या ताब्यांत आला. १८५३ च्या तहानें वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गाचा भागही इंग्रजांकडे गेला, व १८६० सालीं तो निजामास परत मिळाला. मधल्या काळांत येथला कारभार पाहणारा मेडोज टेलर हा अधिकारी ग्रंथकारही होता. त्याच्या ‘तारा’ या कादंबरींत तुळजापूरचा परिसर आलेला आहे. १९०४ सालीं जिल्ह्याचें ठाणें नळदुर्गाहून धाराशिवास आलें, पुढें मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून शहर उस्मानाबाद झालें, आणि २०२३ सालीं शहर व जिल्हा यांस धाराशिव हें जुनें नांव अधिकृतपणें परत मिळालें.

संस्थानी अमलांत खेड्याचा कारभार माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी यांच्या हातीं असे. घरची भाषा मराठी, कचेरीची उर्दू. त्यामुळें दफ्तर वाचतां येणारीं घरें गांवांत दोनचारच, आणि त्या वाचनांत सत्ता होती हें सांगावयास नकोच. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजे-पणज्यांनीं अशींच दफ्तरें सांभाळलीं असतील. त्या गांवगाड्यांतला जिव्हाळा आठवतांना त्याची दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. पांढरीच्या कडेस ज्यांचे वाडे होते त्यांस गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, आणि वतनाच्या नांवाखालीं त्यांच्याकडून राबवून घेतलें जाई. याच तालुक्यांतील कसबे तडवळे येथें १९४१ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितींत महार-मांग वतनदारांची परिषद भरली, ती या अन्यायाविरुद्धच.

१९४७-४८ हें वर्ष या प्रदेशानें कसें काढलें तें वृद्धांनीं पुष्कळ सांगितलें आहे. रझाकारांच्या धास्तीनें कित्येक कुटुंबें सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापुराकडे गेलीं. सरहद्दीवर सशस्त्र प्रतिकाराचे तळ उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें व १७ तारखेस निजामी राजवट संपली. त्यानंतर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें अधिक झळ लागलेले जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद होता, आणि ही झळ मुसलमान शेजाऱ्यांस लागली होती. मुक्तीचा आनंद खरा आणि हें दुःखही खरें. दोन्ही एकाच पांढरीवर घडलें. १९४९ सालीं जहागिऱ्या गेल्या, १९५० सालीं कुळकायदा आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. जमीन कसणाराच्या नांवावर चढूं लागली. जुने वतनदार व पटवारी यांच्या घरचीं मुलें शिकून पुण्यास, हैदराबादेस, मुंबईस गेलीं. मराठवाड्यांत असें गांव विरळा, जेथें एखादा वाडा कुलुपाआड पडलेला नाहीं.

पांढरीचें बाह्य रूपही एका पहांटेनें बदललें. दगडमातीच्या रुंद भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असें माळवदाचें घर उन्हाळ्यांत गार व थंडींत ऊबदार राहत असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहांटे चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यांत जो भूकंप झाला, त्यांत हींच माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारे आठ हजार माणसें मेलीं. किल्लारी बेंबळीच्या आग्नेयेस आहे, आणि मधलें अंतर फार नाहीं. तेव्हांपासून या सबंध भागांत मातीच्या छपराखालीं निर्धास्त झोप येईनाशी झाली आणि हळूहळू पत्रा व सिमेंट यांनीं माळवदाची जागा घेतली.

परंतु आमच्या मतें याहूनही खोल बदल काळींत झाला आहे, आणि तो आवाज न करतां झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानें लोकांस खडी फोडावयास लावलें. त्यांतूनच रोजगार हमीची योजना बळावली आणि पाझर तलाव, बंधारे व विहिरी यांची कामें ठिकठिकाणीं निघाली. विजेचे पंप आले. पुढें विंधन विहीर खणणारीं यंत्रें आलीं. ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या सहकारी साखर कारखान्यांमुळें ऊस हें प्रतिष्ठेचें पीक झालें. तें वर्ष-दीड वर्ष शेतांत उभें राहतें व तेवढा काळ पाणी मागतें. कोरडवाहू रानांत सोयाबीन आलें. शंभरेक दिवसांत हातीं येणारें, लातूरच्या बाजारांत रोख पैसा देणारें हें पीक शेतकऱ्यानें उचललें यांत नवल नाहीं. शाळू हातानें उपटून काढावा लागतो, त्यास मजूर मिळत नाहींत, आणि भाव तो काय मिळावयाचा! शहरांत बसून ‘ज्वारी कां सोडली?’ असें विचारणें सोपें. मुलीची फी भरणाऱ्यास तें विचारण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

तरी हिशेब मांडला पाहिजे. सोयाबीन कडबा देत नाहीं. कडबा घटला म्हणून बैल घटले. बैल घटले म्हणून शेणखत घटलें. आणि खत घटलें म्हणजे मातीची ओल धरण्याची शक्ति घटते. पेवें बुजलीं. ज्या भागानें ज्वारी पिकवून पेवें भरलीं, तेथील कित्येक घरीं आतां पीठ विकत येतें. सोयाबीनचा भाव ब्राझील व अमेरिका येथील पिकावर हेलकावे खातो, आणि त्याचा धक्का बेंबळीच्या बांधावर बसतो. पण सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. या काळ्या खडकांत पाणी सांठतें तें मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमांत आणि खडकांच्या फटींत. खालीं अखंड पाषाण. म्हणून पांचशें-सहाशें फूट खोल गेलें म्हणजे पाणी अधिक सांपडतें असें नव्हे. बहुतेक वेळां शेजाऱ्याच्याच विहिरीचें पाणी आपल्या नळींत येतें. मग शेजारी आपली नळी आणखी खोल नेतो. कर्ज दोघांच्याही माथीं बसतें, आणि पाणी मात्र तेवढेंच राहतें. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, हा प्रसंग सर्वांस आठवत असेल.

येथें आम्हांस त्या स्वित्झर्लंडची खरी आठवण होते. व्हॅले प्रांतांत सुमारे पंधराशें मीटर उंचीवर टोर्बेल नांवाचें खेडें आहे. त्याच्या जुन्या कागदपत्रांचा व जीवनक्रमाचा रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानें बारकाईनें अभ्यास केला. तेथें गांवचीं कुरणें सर्वांच्या सामाईक मालकीचीं. १५१७ सालीं तेथील लोकांनीं एक नियम लिहून ठेवला : हिवाळ्यांत स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसतां येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यांत सामाईक कुरणावर न्यावयाच्या; अधिक नाहीं. हा नियम राजानें लादलेला नव्हता, गांवकऱ्यांनींच केला, आणि त्यांनींच शतकानुशतकें पाळला. त्या खेड्याचें सौंदर्य आपण चित्रांत पाहतों. पण तें टिकलें या साध्या नियमावर.

आपल्याकडे असें होत नाहीं, असें कोणी म्हणूं नये. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं बेंबळीच्या भागापेक्षांही पाऊस कमी. तेथें १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं डोंगर अडवले, चराई व वृक्षतोड बंद केली आणि शेतीकरितां विंधन विहिरी खणावयाच्या नाहींत असें ठरवलें. दर वर्षीं पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून, यंदा कोणतें पीक घ्यावयाचें हें ग्रामसभेंत ठरतें. पाणी कमी असेल तर उन्हाळी पीक नाहीं. आणि पिण्याचें पाणी सर्वांच्या आधीं. राज्यानेंही २००९ चा भूजलविषयक कायदा केला असून खोल विंधन विहिरींवर बंधनें घालण्याची तरतूद त्यांत आहे. परंतु ‘ज्याची जमीन त्याचें पाणी’ ही समजूत जोंवर मनांत घट्ट आहे, तोंवर कायद्याचा कागद खडकांतून पाणी काढूं शकणार नाहीं.

बेंबळीच्या काळीनें शेंकडों वर्षें लोकांस मर्यादेचा धडा दिला. आतां यंत्राच्या बळानें ती मर्यादा ओलांडतां येते. म्हणून यापुढें ती माणसांनीं आपण होऊन घालावी लागेल. आणि ती घालतांना जुन्या गांवगाड्याची चूक पुन्हां होऊं देतां कामा नये. विहिरीवर कोणाचा हक्क हें दोनचार घरांनीं ठरवावें आणि कांहींनीं कडेला तहानलेलें उभें राहावें, असा नियम कितीही जुना असला तरी तो टाकाऊच. नवा नियम सर्वांनीं बसून केला पाहिजे : ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं, ज्यांच्या केवळ शेळ्या आहेत त्यांनीं, आणि डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बायकांनीं तर सर्वांआधीं.

यांत आमच्या वाचकांचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. आपल्यापैकीं कित्येकांचीं नांवें अजूनही कुठल्यातरी बेंबळीच्या सातबारावर आहेत. शेत कोणी बटईनें करतो, वर्षाकांठीं थोडें धान्य किंवा पैसे येतात, आणि कुलदैवताच्या निमित्तानें एखादी फेरी होते. त्या फेरींत वाड्याची पडझड पाहून हळहळण्यापेक्षां आपल्या रानांतली विंधन विहीर किती खोल गेली आहे, शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यांत किती पाणी असतें, आणि यंदा ग्रामसभेंत पाण्याचा हिशेब कोणी मांडला कीं नाहीं, एवढे तीन प्रश्न विचारावे. कसणाऱ्यानें शाळू पेरावयाचें मनावर घेतलें तर त्याच्या तोट्यांतला अर्धा वांटा आपण उचलावा. येळवशीच्या दिवशीं बांधावर बसून आंबील पिण्याचा मान त्यानंतर मागावा. तो खात्रीनें मिळेल.